तळ्याकाठची छोटी लाईन

माझे सासरे रेल्वेत सांधेवाले होते आणि सबंध गाव त्यांना मास्तर म्हणायचं. स्टेशनमास्तर ते कधीच नव्हते. कुर्डुवाडीहून सुटणाऱ्या छोट्या लाईनीवर त्यांनी एकतीस वर्षं सांधे बदलले, कंदील पुसले आणि खऱ्या मास्तरांच्या म्हशींना वैरण घातली. पण निळा कोट, पितळी बटणं आणि दारात उभं राहून आल्यागेल्याकडं संशयानं बघायची सवय, एवढं भांडवल घेऊन माणूस गावी परतला की त्याला मास्तर नाही तर काय म्हणणार? त्यांनी ही चूक कधी दुरुस्त केली नाही. मी केली. सासरी आल्यावर आठव्या दिवशी, पाहुण्यांसमोर. त्यानंतर तीन दिवस ते माझ्याशी फक्त झेंड्यानं बोलले.

हो, झेंड्यानं. घरात दोन होते. हिरवा आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, जुन्या चोळीचा. लाल माझ्या रुखवतातल्या परकराचा, आणि तो फाडताना मला कुणी विचारलं नव्हतं. मामंजींनी हिरवा हलवला की ताट वाढायचं, लाल दाखवला की भाकरी पुरे. आमटीत मीठ जास्त झालं तर दोन्ही एकदम.

मी सोलापूरची, नवी पेठेतली. वडिलांचं कापडाचं दुकान. जनावर म्हणून माझ्या ओळखीची एकच मोकाट शेळी होती, ती दुकानापुढं उभी राहून छिटाच्या ताग्याचं टोक चघळायची, आणि तिला हाकलायलासुद्धा मी नोकराला हाक मारायची. अशी मुलगी खेड्यात, गुराढोरांच्या घरात कशी पडली, याचा दोष मामंजींचाच. मला बघायला आले तेव्हा स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, ते आत्याबाईंनी विचारलं. मामंजींनी एकच विचारलं.

"पोरी, एक काम चालू असताना कुनी दुसरं सांगितलं, तर काय करशील?"

"पहिलं संपल्याशिवाय दुसऱ्याला हात लावणार नाही," मी म्हणाले. यात तत्त्व वगैरे काही नव्हतं, निव्वळ आळस होता. माझ्या आईनं कपाळाला हात लावला. पण मामंजी ताडकन उठून उभे राहिले, "लाईन क्लिअर," म्हणाले, आणि लग्न ठरलं.

या माणसाचं सगळं शहाणपण छोट्या लाईनीच्या एका नियमावर उभं होतं. एकेरी रूळ. दोन स्टेशनांमधला तुकडा म्हणजे ब्लॉक. प्रत्येक ब्लॉकाचा एकच गोळा असतो: वेताचं मोठं कडं, त्याला चामड्याची पिशवी, पिशवीत लोखंडी गोळा. तो ड्रायव्हरच्या हातात पडला तरच गाडी त्या तुकड्यात शिरणार. गोळा एक, म्हणून गाडी एक. गोळा परत आला नाही याचा अर्थ गाडी अजून आतच आहे. मामंजी एकतीस वर्षं तो गोळा धावत नेऊन ड्रायव्हरला देत आले. पण द्यायचा की नाही, हे ठरवणार मास्तर. हे ते स्वतः कधी बोलले नाहीत. आत्याबाई एकदा भाकरी थापता थापता बोलून गेल्या. "लई वाटायचं बग त्यांस्नी. येकदा तरी आपुन म्हनावं, सोड गाडी."

आमच्या गावाला इंग्रजांच्या वेळचं तळं होतं. हिवाळ्यात त्यावर लांबलांबून बदकं यायची, आणि संक्रांतीनंतर पाणी मागं हटायला लागलं की उघड्या पडलेल्या ओल्या गाळावर गवत उगवायचं. बहात्तरच्या दुष्काळात लोकांनी गुरं मिळेल त्या भावाला विकलेली. ज्याच्या त्याच्या दारात चार शेळ्या, कुणाच्या दहा मेंढ्या, आमच्याकडं दोन म्हशी आणि एक शेळी, एवढंच उरलेलं. उन्हाळ्यात या वीस-बावीस घरांची जनावरं त्या गवतावर जगायची. नजर पोचेल तिथवर दुसरं हिरवं काही नव्हतं.

मी गावात आले त्याच वर्षी तळ्यावर पाटी लागली: पक्ष्यांसाठी राखीव. शिकार बंद झाली त्याचं कुणाला वाईट वाटलं नाही. पण उन्हाच्या तोंडाला वनखात्याचे साहेब जीपमधून आले आणि पारावर सगळ्यांना बसवून म्हणाले, "टिटवी आणि शेकाट्या जमिनीवर अंडी घालतात. तुमची जनावरं ती तुडवतात. हा एक उन्हाळा देतो. घरटी टिकली तर बघू. नाही टिकली, तर पावसाच्या आधी सगळ्या काठाला तारेचं कुंपण."

साहेब गेल्यावर पहिली बोलली ती गोदाक्का. बारा शेळ्यांची मालकीण, आणि जिभेला हाड नसल्याची गावची एकमेव खात्रीची साक्ष. "म्हंजी पाखरांनी आरामात अंडी घालायची, आन् आमी शेळ्या काय शिक्याला टांगायच्या?"

मामंजी कोटाची बटणं लावत उठले. "लाईन टाकायची," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चुना लावलेल्या दगडांनी काठाचे चार तुकडे पाडले. चौथ्यात घरटी जास्त, म्हणून तो कायम लाल. तिथं काठीवर माझा उरलेला परकर फडकत राहिला. उरलेल्या तीन तुकड्यांतला एक आठवडाभर विश्रांतीला, म्हणजे गवताला उसंत. राहिलेल्या दोनांत एका वेळी एकेकच कळप, सकाळपाळी आणि दुपारपाळी. प्रत्येक तुकड्याचा एक गोळा: कळकाच्या कामटीचं कडं आणि त्याला बांधलेला लाकडी गोळा. आमच्या दारातल्या खुंटीवरून तो न्यायचा, पाळी संपली की परत आणायचा, तोही हातातून हातात.

"माज्या शेळ्यांस्नी तिकीट लावतोय का ह्यो?" गोदाक्का म्हणाली.

बिरूतात्या धनगराचा प्रश्न जास्त खोल होता. "मास्तर, मेंढरू काय आगगाडी हाय व्हय?"

"आगगाडी असती तर बरं झालं असतं की," मामंजी म्हणाले. "आगगाडी गवत खात न्हाय."

पहिले पंधरा दिवस लोक गंमत म्हणून गोळा नेत होते. मग विश्रांतीला ठेवलेला तुकडा उघडला, तर घोट्याएवढं गवत उभं. गोदाक्काच्या शेळ्या इतक्या खाली माना घालून चरल्या की तिनं कुणी मेलं की काय म्हणून जवळ जाऊन पाहिलं. त्या दिवसापासून ती पहाटेच दारात येऊन उभी राहायची आणि गोळा घेताना मामंजींना शिव्या देणं तेवढं तिनं सोडलं नाही.

मामंजींचं एवढ्यावर भागेना. म्हशी तळ्यात डुंबायच्या त्या बंद करून काठापासून लांब एक खड्डा खणला, त्याचं नाव लोको शेड. गोचिडांची पावडर लावलेली मेंढरं तिथंच धुवायची, तळ्यात नाही. आमच्या दोन म्हशींची नावं त्यांनी अप आणि डाउन ठेवली होती. तेव्हा आणीबाणी होती, आणि गाड्या वेळेवर धावतात असं रेडिओ रोज सांगायचा. मामंजी रेडिओला उलट ऐकवायचे, "आमची डाउन आदीपास्नंच येळेवर हाय." हे साफ खोटं होतं. डाउन लोको शेडमधून उठायलाच दुपार करायची.

खरी कसोटी सरपंचांच्या वेळी लागली. त्या काळी सगळं गाव सकाळी टमरेल घेऊन तळ्याकडंच जायचं. एका सकाळी सरपंच चौथ्या ब्लॉकात शिरताना मामंजींना दिसले.

"सरपंच, गोळा दावा."

"मास्तर, गोळा कसला? मला घाई हाय."

"घाई हरेक गाडीला असती. ह्या ब्लॉकात परवानगी न्हाय."

"अवो मी काय चरायला चाललोय का?"

"टिटवीला काय कळतंय? तिला पाय दिसतात."

सरपंच भरलं टमरेल घेऊन उलटे आले, आणि त्यांची चाल बघून रस्त्यावरच्या बायांनी पदर तोंडाला लावले. तेव्हापासून गावाचं सकाळचं सगळं दळणवळण ओढ्याकडं वळलं. तळ्याच्या पाण्याला येणारा वास महिन्याभरात गेला. या सुधारणेचं श्रेय पुढं सरपंचांनीच घेतलं.

आता माझ्या पराक्रमाकडं येते. इतका वेळ टाळलं.

वैशाखात मामंजींना पेन्शनच्या कागदासाठी कुर्डुवाडीला जावं लागलं. आमचे हे तिथंच वर्कशॉपात नोकरीला, तेव्हा रात्री मुक्काम लेकाकडं आणि सकाळी परत. जाताना त्यांनी मला खुंटीसमोर उभं केलं.

"सूनबाई, तू असिस्टंट. खुंटीवर गोळा असला तर द्यायचा. नसला तर?"

"नाही द्यायचा."

"कुनी रडलं तर?"

"नाही द्यायचा, मामंजी."

"देव आला तर?"

"त्याला बसायला पाट द्यायचा. गोळा नाही."

ते खूश होऊन गेले. मीही खूश झाले. बुद्धीची बाब नव्हतीच ही, खुंटीकडं बघायचं एवढंच काम.

दुसऱ्या दिवशी उजाडता गोदाक्का तिसऱ्या ब्लॉकाचा गोळा मागायला आली. आदल्या दुपारी तो बिरूतात्यानं नेला होता. खुंटी रिकामी. आणि खुंटीखाली आमचं करडू कामट्यांचे तुकडे चघळत बसलेलं. मी लगेच ताडलं: करडानं गोळा खाल्ला. संध्याकाळी मी चुलीपाशी असताना बिरूतात्या केव्हातरी येऊन अडकवून गेला असणार, आणि या बोडक्यानं न्याहारी केली. मामंजी आल्यावर त्यांना काय सांगू? शेळ्यांची मला भीती वाटते हे आधीच सगळ्या गावाला माहीत. आता शेळीच्या पोरानं माझ्या ताब्यातली लाईन खाल्ली, हेही माहीत होणार.

ते तुकडे भाकरीच्या दुरडीचे होते, हे मला दुपारी कळलं.

"दे की बाय, ऊन वर आलं," गोदाक्का म्हणाली.

मी घडवंचीवरची चुंबळ उचलली. डोक्यावर घागर घ्यायची ती कापडी चुंबळ, आत्याबाईंची. "हा घ्या," म्हणाले. "कडं दुरुस्तीला गेलंय. आज हाच गोळा."

गोदाक्कानं चुंबळ उलटीपालटी केली. "डोईवर ठिवू का हातात?"

"हातात," मी म्हणाले. त्याही स्थितीत मला नियम सुचत होते.

खरी हकिगत अशी होती. बिरूतात्याची एक मेंढी आदल्या संध्याकाळी तिसऱ्या ब्लॉकातल्या बाभळींच्या आड अडली होती. पहाटे कुठं व्याली. तो मेंढरं घेऊन तिथंच थांबलेला. गावात निरोपही त्यानं धाडला नाही. नंतर त्याला विचारलं तर म्हणाला, "गोळा माज्यापाशी हाय म्हनल्यावर कोन येतंय?" मामंजींच्या लाईनीवर गावात सगळ्यात जास्त भरवसा कुणाचा होता, तर ज्यानं मेंढरू आगगाडी आहे का विचारलं होतं त्याचा. आणि मी पेठेतली मॅट्रिक पास मुलगी. खुंटी रिकामी दिसली तर गाडी आत आहे, एवढी एकच गोष्ट मला शिकवली होती.

आरडाओरडा कानावर आला तशी मी तळ्याकडं पळाले. बाभळीपाशी गोदाक्काचा बोकड आणि बिरूतात्याचा मेंढा समोरासमोर आले होते. टकरीचा आवाज बांधापर्यंत येत होता. शेळ्या उधळून चुन्याच्या दगडांवरून सरळ चौथ्या ब्लॉकात. वर टिटव्या घिरट्या घालून ओरडताहेत, आणि आत गोदाक्का जमिनीला खिळल्यासारखी फतकल मारून बसलेली, लुगड्याचा घोळ दोन्ही हातांनी पसरून.

"आक्का, उठा की, शेळ्या आवरा," बिरूतात्या ओरडत होता.

"तू आवर, मुडद्या. मी उठले तर अंडी जातील. हितं चार हायती."

एका घरट्यावर लुगडं धरून ती बसली होती. त्याच्या पलीकडचं एक गेलं होतं. मातीवर ओला पिवळा डाग आणि ठिपक्याठिपक्यांची टरफलं.

तेवढ्यात बांधावर जीप थांबली. साहेब उतरले, आणि त्यांच्या बाजूच्या सीटवरून मामंजी. फाट्यावर एसटीतून उतरले तेव्हा साहेबांनीच त्यांना जीपमध्ये घेतलं होतं. वाटेत त्यांनी साहेबांना काय काय सांगितलं असेल, ते त्यांच्या कोटाच्या सगळ्या लावलेल्या बटणांवरून दिसत होतं.

ते चालत आले. शेळ्या पाहिल्या, मेंढरं पाहिली, तो पिवळा डाग पाहिला.

गोदाक्का बसल्या जागेवरून हळूच म्हणाली, "मास्तर, कुत्र्यानं फोडलं म्हनावं. लई कुत्री झाल्यात गावात."

"कोल्हा," बिरूतात्या म्हणाला. "मी बगितला की."

मामंजींनी दोघांकडं लक्ष दिलं नाही. "ह्या ब्लॉकाचा गोळा कुनाकडं?" त्यांनी विचारलं.

बिरूतात्यानं कामटीचं कडं वर केलं. गोदाक्कानं चुंबळ वर केली.

मामंजींनी चुंबळ ओळखली. माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "मामंजी, मी दिली. करडानं गोळा खाल्ला असं वाटलं मला." बोलताना माझं मलाच ते इतकं मूर्खपणाचं वाटलं की रडूही येईना.

त्यांनी कोटाची बटणं एकेक करून काढली. कोट काढून हातावर घेतला. आत फाटकी बंडी होती. "साहेब," ते म्हणाले, "कुत्रं न्हाय, कोल्हा न्हाय. येका ब्लॉकात दोन गाड्या सुटल्या. ही मास्तरची चूक हाय. मास्तर आजपास्नं सस्पेंड."

"अहो, पण दिली मी," मी म्हणाले.

"तू असिस्टंट. तुला नेमली कुनी?"

साहेब वहीत बघत सबंध चौथा ब्लॉक चालले, एकेका घरट्यापाशी थांबले. आम्ही मागं मागं. गोदाक्का शेळ्या बाहेर जाईपर्यंत उठली नाही. परत आले तेव्हा साहेबांनी घाम पुसला आणि म्हणाले, "मी जिल्ह्यातली तळी फिरतो. तिथं एकही घरटं फुटल्याचं मला कुणी सांगत नाही, आणि शाबूत म्हणावं असं एकही मला दिसत नाही. इथं एक फुटलं, ते तुम्ही उभं राहून सांगताय. बाकीची सगळी जागच्या जागी आहेत."

जीपच्या बॉनेटवर त्यांनी कागद लिहिला. चराई या पद्धतीनं चालू ठेवावी. कुंपण तूर्त नको. "जबाबदार इसम म्हणून कुणाचं नाव घालू? मास्तर, तुमचं?"

"मी सस्पेंड हाय."

"किती दिवस?"

"चौकशी हुईस्तवर."

"चौकशी कोण करणार?"

मामंजींनी विचार केला. "मास्तर," म्हणाले.

"ते तर सस्पेंड आहेत."

"व्हय की."

साहेबांचं पेन हवेत राहिलं. बिरूतात्या कोकरू काखेत घेऊन आशेनं एकेकाच्या तोंडाकडं बघत होता. नाव पडलं नाही तर कागद नाही, आणि कागद नाही तर कुंपण, हे त्यालाही कळत होतं. शेवटी गोदाक्काच म्हणाली, "हिचं घाला की. येकदा शेण खाल्लंय तिनं, आता परत न्हाय खायाची."

अशा गुणवत्तेवर माझं नाव सरकारी कागदात पडलं.

मामंजींचं सस्पेन्शन कधीच उठलं नाही. उठवायला माणूसच नव्हता. मी एकदा म्हणून बघितलं, "मी उठवते." तर म्हणाले, "असिस्टंटला पावर न्हाय." कोट त्यांनी ट्रंकेत घातला. मला वाटलं, म्हातारा खचणार. आत्याबाईंनाही तसंच वाटलं. त्यांनी चार दिवस न सांगता शिरा केला.

पाचव्या दिवशी दुपारपाळीच्या वेळी मी दारात उभी. रांगेत गोदाक्का, तिच्यापुढं मामंजी, अप आणि डाउनची दावी हातात धरून, बंडीवर. त्यांना पहिल्या ब्लॉकाचा गोळा पाहिजे होता. खुंटीवर तो नव्हता. आदल्या पाळीचा कळप अजून आला नव्हता.

"लाईन मोकळी नाही, मामंजी," मी म्हणाले.

आतून आत्याबाई म्हणाल्या, "अगं, सासरा हाय तो. दे दुसरं काय तरी."

"माजी चुंबळ हाय की घरात, आनू का?" गोदाक्कानं विचारलं.

मी लाल झेंडा उचलला आणि धरून ठेवला. मामंजींनी माझ्याकडं बघितलं नाही. ते खुंटीकडं बघत होते. ऊन तापलं. डाउननं दारातच शेण टाकलं. शेजारपाजारचे लोक सून सासऱ्याला उन्हात उभं करते म्हणून ओट्यांवर येऊन बसले. माझा हात अवघडून गेला, तरी मी झेंडा खाली घेतला नाही; खरं तर आता खाली घ्यायचा कसा हेच मला कळत नव्हतं. तासाभरानं आदल्या पाळीचा माणूस धावत आला आणि त्यानं कडं माझ्या हातात दिलं. मी ते मामंजींच्या हातात दिलं.

त्यांनी कडं दोन्ही बाजूंनी तपासलं. गाठ ओढून बघितली. मग म्हशींच्या पाठीवर थाप मारली.

"चला गं," ते त्यांना म्हणाले. "मास्तरणीनं सोडलं."